आउटलुकमधलं बटण गेलं, एक्सेलमधलं राहिलं: ॲड-इन नव्याने लिहायचं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नागपूरच्या धरमपेठेतल्या एका सीए फर्ममध्ये तुम्ही एकट्या आयटी सांभाळता. चौतीस संगणक, सातशेच्या आसपास क्लायंट. काही वर्षांपूर्वी कुणीतरी सी-शार्प या प्रोग्रामिंग भाषेत दोन ॲड-इन, म्हणजे ऑफिसला जोडायचे छोटे प्रोग्राम, लिहून दिली. आउटलुकमधलं ॲड-इन मेल पाठवताना जोडलेल्या फाइलच्या नावातला जीएसटी नंबर आणि मेल घेणारा क्लायंट जुळतो का ते बघतं. एक्सेलमधलं बिलाखाली मराठीत अक्षरी रुपये टाकतं. आता काही जणांनी कोपऱ्यातला स्विच दाबून नवीन आउटलुक घेतलं आणि पहिलं बटण गायब झालं. भागीदार म्हणतात, दोन्ही नव्याने लिहून टाका. तुम्हाला सी-शार्प येतं, जावास्क्रिप्ट जेमतेम. सुरुवात कुठून करायची आणि किती दिवस लागतील?

आउटलुकचं नव्याने लिहावं लागेल, त्याला इलाज नाही. एक्सेलच्या ॲड-इनला मात्र हात लावू नका, निदान या वर्षी.

बटण बिघडलेलं नाही. तुमचं जुनं ॲड-इन व्हीएसटीओ पद्धतीचं आहे, म्हणजे ते त्याच संगणकावर इन्स्टॉल होऊन आउटलुकच्या पोटात शिरून चालतं. नवीन आउटलुक मुळात वेबवरचं आउटलुक आहे, त्याला पोटात कुणी शिरलेलं चालत नाही. व्हीएसटीओ नाही, त्याआधीच्या पद्धतीचं कॉम ॲड-इन नाही, ऑफिसमध्येच लिहिलेला व्हीबीए मॅक्रोही नाही. त्यात चालतात फक्त वेब ॲड-इन. जुनं, ज्याला आता ‘क्लासिक’ म्हणतात, ते आउटलुक किमान २०२९ पर्यंत सांभाळू असं मायक्रोसॉफ्टने म्हटलं आहे. त्यामुळे आजच आकाश कोसळलेलं नाही. स्विच उलटा फिरवा, बटण परत येईल. तेवढी उसंत तुम्हाला आहे आणि ती वापरा. भागीदारांच्या घाईपायी मार्चमध्ये काही बदलू नका.

एक्सेलची गोष्ट वेगळी. डेस्कटॉपवरच्या एक्सेलमध्ये व्हीएसटीओ आणि व्हीबीए दोन्ही आजही चालतात. एकच मेख आहे: व्हीएसटीओ ज्या डॉटनेट फ्रेमवर्कच्या पायावर उभं आहे, त्याच्या ४.८ आवृत्तीवर येऊन थांबलं, पुढच्या डॉटनेट आवृत्त्यांवर ते जात नाही. म्हणजे घर पक्कं आहे, पण मजला चढवता येणार नाही. तुमच्या फर्ममध्ये कुणी मॅक वापरतं का, किंवा कुणी ब्राउझरमधून एक्सेल उघडून बिलं करतं का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर चालत्या गाडीचं इंजिन कशाला उघडायचं?

आता मी हे इतक्या ठामपणे का सांगतो ते ऐका. नागपुरात राहून हेच काम करत मला वीस वर्षांवर होऊन गेली. बर्डीवरची दुकानं, इतवारीतले किराण्याचे होलसेलर, हिंगणा आणि बुटीबोरीतले कारखाने, अशी माझी गिऱ्हाइकं. एक्सेलमध्ये व्हीबीए आलं १९९३ साली. ऑफिस २००० बरोबर कॉम ॲड-इन आली, मग २००३ च्या सुमाराला व्हीएसटीओ, आणि ऑफिस २०१३ पासून ही वेबवाली पद्धत, जिला सुरुवातीला ‘ॲप्स फॉर ऑफिस’ म्हणत. दर वेळी आधीचं सगळं कालबाह्य झालं असं सांगितलं गेलं. दर वेळी मी नवं शिकलो. पण माझ्याकडे एक तक्ता आहे, एक ते नव्व्याण्णवचे मराठी शब्द. तो मी पहिल्यांदा व्हीबीएत लिहिला, मग सी-शार्पमध्ये नेला, आता जावास्क्रिप्टमध्ये आहे. त्यातला एक शब्दही बदलला नाही. बदललं ते ऑफिसला चिकटलेलं टोक.

म्हणून माझं एकच म्हणणं: ऑफिसला चिकटणारा थर जितका पातळ ठेवता येईल तितका पातळ ठेवा. नियम, तक्ते, हिशेब हे सगळं अशा फाइलींत ठेवा ज्यांना आउटलुक किंवा एक्सेल नावाचं काही जगात आहे हे ठाऊकच नाही. जीएसटी नंबर बरोबर आहे का, हे सांगणाऱ्या फंक्शनला एक अक्षरमाळ मिळावी आणि त्याने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावं, बस. तुमच्या जुन्या कोडमध्ये बहुधा हे सगळं एकमेकांत कालवलेलं असेल. ते वेगळं करणं हे पहिल्या आठवड्याचं काम, आणि ते सी-शार्पमध्येच करा. वेगळं झालं की जावास्क्रिप्टमध्ये नेणं सोपं आहे.

जीएसटी नंबरचंच घ्या. पंधरा अक्षरं. पहिली दोन राज्याची, महाराष्ट्राची २७. पुढची दहा म्हणजे पॅन. तेराव्या जागी त्या पॅनवरची कितवी नोंदणी ते, चौदाव्या जागी साधारणपणे इंग्रजी झेड, आणि पंधरावं तपासणीचं अक्षर. पुष्कळ प्रोग्रामर नुसता साचा तपासतात, पंधरावं अक्षर काढून बघतच नाहीत. खरं तर ते दहा-बारा ओळींचं काम आहे. ० ते ९ आणि ए ते झेड मिळून छत्तीस चिन्हं, त्यांना ० ते ३५ किंमत द्यायची. पहिल्या चौदा अक्षरांच्या किमतीला आळीपाळीने १ आणि २ ने गुणायचं. प्रत्येक गुणाकाराला ३६ ने भागून भागाकार आणि बाकी यांची बेरीज घ्यायची. सगळ्यांची एकूण बेरीज ३६ ने भागून जी बाकी उरते ती ३६ मधून वजा केली की पंधराव्या अक्षराची किंमत मिळते. ३६ आलं तर शून्य धरायचं. शून्याच्या जागी ‘ओ’ टाइप झालेला, दोन अक्षरं उलटसुलट झालेली, अशा चुका यात पकडल्या जातात, आणि त्यासाठी इंटरनेटची गरज लागत नाही. हे फंक्शन आधी लिहा. हात बसेल.

आता आउटलुक. नव्या पद्धतीत ॲड-इन म्हणजे दोन गोष्टी: एक मॅनिफेस्ट फाइल, जी सांगते की बटण कुठे, नाव काय, परवानगी किती, आणि एचटीटीपीएसवर ठेवलेली वेब पानं, ज्यात ऑफिस.जेएस ही लायब्ररी जोडलेली असते. संगणकावर काहीच इन्स्टॉल होत नाही. मॅनिफेस्ट एक्सएमएलमध्येही लिहिता येतो आणि नव्या जेसन रूपातही. तुमच्याकडे क्लासिक आणि नवीन दोन्ही आउटलुक शेजारी शेजारी चालणार, तेव्हा सध्या एक्सएमएलच घ्या. सुरुवातीचा सांगाडा योमन जनरेटर नावाच्या साधनाने तयार होतो, तो हाताने लिहायच्या फंदात पडू नका.

पाठवायच्या क्षणी तपासणी करायची, तर ‘स्मार्ट अलर्ट्स’ नावाची सोय आहे. ‘सेंड’ दाबलं की तुमचं फंक्शन चालतं, आणि तुम्ही पाठवू द्या किंवा थांबवा असं सांगता. त्यासाठी मेलबॉक्स १.१२ हा आवश्यकता-संच, म्हणजे आउटलुककडे किमान असायच्या सोयींची यादी, लागतो. मॅनिफेस्टमध्ये तो लिहा, म्हणजे जुन्या आवृत्तीवर ॲड-इन अर्धवट उगवणार नाही. नवी मंडळी इथे हमखास तीन ठिकाणी ठेचकाळतात.

विंडोजवरच्या क्लासिक आउटलुकमध्ये हे फंक्शन ब्राउझरमध्ये चालत नाही, नुसत्या जावास्क्रिप्ट इंजिनात चालतं. तिथे पान नसतं, बटणं नसतात, अलर्टची खिडकी नसते. सगळा कोड एकाच फाइलमध्ये लागतो. ‘असिंक-अवेट’ ही जावास्क्रिप्टची नवी लिखाणपद्धत वापरलीत, तर नव्या आउटलुकमध्ये झकास चालेल आणि क्लासिकमध्ये मुकाट बंद पडेल. एकतर जुन्या कॉलबॅक पद्धतीने लिहा किंवा बेबलसारख्या साधनाने कोड जावास्क्रिप्टच्या २०१६ च्या आवृत्तीच्या मापाचा करून घ्या. शिवाय ‘ऑफिस.ऑनरेडी’च्या आत टाकलेला कोड तिथे चालतच नाही. फंक्शनची जोडणी अगदी बाहेरच्या पातळीवर ठेवा. मी यात दोन दिवस घालवले होते. नव्यात चालतंय, जुन्यात नाही, आणि चूक म्हणून एक ओळही कुठे दिसत नव्हती.

दुसरं म्हणजे ‘इव्हेंट.कंप्लीटेड’. फंक्शन कुठल्याही वाटेने संपो, शेवटी हे बोलावलंच पाहिजे. चुकीच्या वाटेवर विसरलात, तर माणूस ‘सेंड’ दाबून बसून राहतो. वेळ संपायला पाच मिनिटं लागतात, आणि पाच मिनिटांत भागीदार तुमच्या टेबलाशी येऊन उभे राहिलेले असतात.

तिसरी ठेच मी स्वतः खाल्ली आणि ती महागात पडली. स्मार्ट अलर्टला तीन मोड आहेत. एकात माणसाला विचारतात, तरीही पाठवायचं का? दुसऱ्यात चूक सुधारल्याशिवाय मेल जात नाही, पण ॲड-इनच उघडत नसेल तर मेल जाऊ देतात. याला ‘सॉफ्ट ब्लॉक’ म्हणतात. तिसरा पक्का ‘ब्लॉक’: ॲड-इन उघडलं नाही तरी मेल अडतो. एका कारखान्याच्या मालकाने सांगितलं, “पक्कं पाहिजे, फट नको.” मी पक्कं करून दिलं. पानं त्यांच्याच ऑफिसातल्या एका मशीनवर ठेवली होती, बाहेर ठेवायला त्यांची ना होती. मे महिन्यातली २० तारीख, जीएसटीच्या ३बी रिटर्नचा शेवटचा दिवस, बाहेर नागपूरचं ऊन, दुपारी लाइट गेली. इन्व्हर्टरवर ते मशीन नव्हतं. लॅपटॉप चालू, मोबाइलचं नेट चालू, आणि चाळीस माणसांचा एकही मेल बाहेर जाईना. अकाउंट्समधला एक जण फोनवर म्हणाला, “भाऊ, तुमचं फाटक लागलं, पण चाबीवालाच पळून गेला!” तेव्हापासून मी सॉफ्ट ब्लॉकच्या पलीकडे जात नाही. तुमच्या कामाला तर पहिला मोडही पुरेल. क्लायंटची फाइल भलत्याकडे जाऊ नये हाच हेतू आहे ना? माणसाला एकदा थांबवून विचारलं की बहुतेक वेळा तो स्वतःच बघतो.

फोनवरून जाणाऱ्या मेलसाठी या पहाऱ्यावर विसंबू नका. भागीदार मंडळी निम्मे मेल फोनवरून पाठवतात, तेव्हा हे त्यांना आधीच तोंडावर सांगून ठेवा.

आता खरा प्रश्न: क्लायंटची यादी ठेवायची कुठे? जुन्या ॲड-इनमध्ये ती सर्व्हरवरच्या एका एक्सेल फाइलमध्ये असणार. नवं ॲड-इन ब्राउझरच्या पिंजऱ्यात चालतं, त्याला तुमचा शेअर्ड फोल्डर दिसत नाही. यादी जावास्क्रिप्टच्या फाइलमध्येच टाकून देण्याचा मोह होईल. तसं अजिबात करू नका. ती फाइल ज्या पत्त्यावर आहे तो कुणीही उघडू शकतं, म्हणजे सातशे क्लायंटचे जीएसटी नंबर आणि ईमेल तुम्ही चौकात टांगले. आउटलुकमध्ये ‘रोमिंग सेटिंग्ज’ नावाची जागा मिळते, मेलबॉक्सबरोबर राहणारी, पण ती ३२ केबीची. पंधरा अक्षरांचा नंबर, पंचवीसेक अक्षरांचा ईमेल, वर अवतरणं आणि स्वल्पविराम धरून माणशी पन्नास अक्षरं. सातशे क्लायंटचे झाले पस्तीस हजार. थोडक्यात हुकतं.

मी असं करतो: पूर्ण नंबर ठेवतच नाही. नंबराचा हॅश, म्हणजे गणिताने केलेलं सांकेतिक रूप, काढून त्यातली आठ अक्षरं, ईमेलच्या हॅशची आठ अक्षरं, मध्ये एक चिन्ह. वीस अक्षरांत एक क्लायंट, सातशेचे चौदा हजार. आरामात बसतात. तपासताना फाइलच्या नावातून नंबर काढायचा, हॅश करायचा, मेल घेणाऱ्याचा हॅश करायचा, जोडी यादीत आहे का बघायचं. यादी ताजी करण्याचं काम ॲड-इनच्या बाजूच्या पट्टीतलं एक बटण करतं, तिथे माणूस साइन-इन करतो आणि शेअरपॉइंटवरची यादी ग्राफ या मायक्रोसॉफ्टच्या सेवेतून येते. साइन-इनसाठी ‘नेस्टेड ॲप ऑथेंटिकेशन’ वापरा. इंटरनेटवर जुनी उदाहरणं सापडतील ज्यात एक्स्चेंज या मेल सर्व्हरचं ओळखपत्रासारखं टोकन आउटलुककडूनच मागून घेतात. ती टोकनं एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये २०२५ मध्ये बंद झाली. तसंच ईडब्ल्यूएस, म्हणजे एक्स्चेंजची जुनी वेब सेवा, वापरणारं उदाहरण दिसलं की पान बंद करा. त्याचीही गच्छंती जाहीर झालेली आहे.

परवानगीही बेतानेच मागा. आउटलुकमध्ये चार पायऱ्या आहेत, अगदी मर्यादितपासून पूर्ण मेलबॉक्स वाचण्या-लिहिण्यापर्यंत. तुम्हाला समोरच्या एका मेलपुरती हवी आहे. वरची मागितलीत तर उद्या क्लायंटने विचारल्यावर भागीदारांना उत्तर देता येणार नाही, आणि सीए फर्मची अब्रू शेवटी तिथेच असते.

एक्सेलला हात लावू नका म्हटलं, पण मला माणसांचा स्वभाव ठाऊक आहे. सहा महिन्यांत एखादे भागीदार मॅकबुक घेऊन येतील आणि तुम्हाला ते लिहावंच लागेल. तेव्हा ही एक गोष्ट आठवा.

सी-शार्पमध्ये तुम्ही सेलची किंमत मागता आणि ती लगेच मिळते. ऑफिस.जेएसमध्ये नाही. तिथे तुम्ही आधी चिठ्ठ्या लिहिता, ‘या रेंजच्या किमती हव्या’, ‘त्या सेलमध्ये हे लिहा’, आणि ‘कॉन्टेक्स्ट.सिंक’ म्हटलं की चिठ्ठ्यांचा गठ्ठा एक्सेलकडे जातो आणि उत्तरं घेऊन येतो. प्रत्येक सिंक म्हणजे एक फेरी. इतवारीतल्या एका डाळीच्या व्यापाऱ्यासाठी मी पहिल्यांदा हे लिहिलं, तेव्हा सवयीने प्रत्येक ओळीमागे एक सिंक टाकला. माझ्या चाचणीत वीस ओळी होत्या, पटकन झालं. त्यांच्या वहीत बारा हजार. मुनीमजींनी बटण दाबलं, समोरच्या टपरीवर जाऊन तर्री-पोहे खाल्ले, परत आले, आणि मला फोन केला: “काहून हो, हे फिरूनच राहिलं!” दुरुस्ती सोपी होती. सगळी रेंज एकदम वाचायची, किमती दुहेरी ॲरेमध्ये मिळतात, हिशेब जावास्क्रिप्टमध्ये करायचा, आणि पूर्ण ॲरे एकाच वेळी परत लिहायचा. बारा हजार फेऱ्यांच्या दोन झाल्या. फार मोठी शीट असेल तर तुकडे पाडा, कारण ब्राउझरमधल्या एक्सेलला एका फेरीत ५ एमबीपेक्षा जास्त ओझं पेलवत नाही.

आणि तारखा. ‘व्हॅल्यूज’ मागितल्या तर तारीख अंक म्हणून येते. १ जानेवारी १९७० म्हणजे २५५६९. ‘टेक्स्ट’ मागितलं तर पडद्यावर दिसते तशी येते. बिलावर छापायची असेल तर टेक्स्ट, हिशेबाला व्हॅल्यूज. यांची गल्लत झाली की मे चा एप्रिल होतो.

अक्षरी रुपयांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण त्यावर मला बोलल्याशिवाय राहवत नाही. एक्सेलमध्ये आकड्याचे शब्द करणारं एकच फंक्शन तयार मिळतं, बाथटेक्स्ट, आणि ते थाई भाषेत लिहितं! इंग्रजीत वीसपर्यंतचे शब्द आणि दहाचे पाढे पुरतात, बाकी जोडून होतं. मराठीत ते चालत नाही. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न: कुठला तुकडा कुठे जोडणार? एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असं करत एकोणनव्वदपर्यंत आलात, नियम सापडला म्हणून आनंदला, की पुढे नव्व्याण्णव उभं. म्हणून सरळ तक्ता. शंभरचंही बघा. नुसते शंभर रुपये असतील तर ‘शंभर’, पण १०१ ला ‘एकशे एक’. पैशांसाठी रुपयांना १०० ने गुणून शेपूट छाटू नका. जावास्क्रिप्टमध्ये ४.३५ गुणिले १०० केलं की ४३५ येत नाहीत, ४३४.९९९ असं काहीतरी येतं, आणि छाटलं की बिलावर चौतीस पैसे छापले जातात. आधी राउंड करा.

मराठी मजकूर जुळवताना आणखी एक खड्डा आहे. ‘वऱ्हाड’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: कुणी ऱ ला हलंत जोडून, कुणी साध्या र नंतर हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसायला वऱ्हाड आणि वर्‍हाड सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चंही तसंच. युनिकोड या अक्षरांच्या जागतिक कोडयादीत त्याला स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधीचे लोक अ वर चंद्र देऊन लिहीत, आणि पुष्कळ कीबोर्ड अजूनही तसंच करतात. ‘नॉर्मलाइझ’ हे फंक्शन चालवून हे दोन एक होतील असं वाटेल, पण होत नाहीत, कारण युनिकोड त्यांना समतुल्य मानत नाही. मी तुलनेआधी स्वतःचं छोटं फंक्शन चालवतो जे या दोन्ही जोड्या एकाच रूपात आणतं. एकाच क्लायंटच्या दोन नोंदी यामुळेच होतात, आणि शोधणारा डोळे चोळत बसतो.

जुन्या फाइलींमध्ये युनिकोडपूर्व फॉन्टमधलं मराठी असेल, तर ॲड-इनला तिथे नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी मिळेल. त्याला फॉन्ट दिसत नाही, आतला कोड दिसतो. आधी फाइल युनिकोडमध्ये आणा. रूपांतर ॲड-इनमध्ये बसवायला जाऊ नका. मी गेलो होतो.

चौतीस संगणकांवर बसवण्याचं काम उलट जुन्यापेक्षा हलकं आहे. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या ॲडमिन सेंटरमध्ये ‘इंटिग्रेटेड ॲप्स’मधून मॅनिफेस्ट चढवायचा आणि कुणाकुणाला द्यायचं ते निवडायचं. स्मार्ट अलर्ट तर ॲडमिनने दिल्याशिवाय आपोआप सुरूच होत नाही, त्यामुळे हाच रस्ता. सगळ्यांकडे दिसायला चोवीस तास लागू शकतात. तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी चढवा आणि घरी जा. सुरुवातीला तीनच जणांना द्या, आणि त्यातला एक जण संगणकाचा राग असलेला निवडा. तो जितक्या चुका काढेल तितक्या तुम्हाला स्वतःला सापडणार नाहीत.

मॅनिफेस्ट बदलूनही जुनंच बटण दिसत राहिलं, तर तुमच्या कोडला दोष देत बसू नका. विंडोजवर वापरकर्त्याच्या लोकल ॲप डेटामध्ये ऑफिसच्या आत १६.० आणि त्यात ‘वेफ’ नावाचा फोल्डर आहे. आउटलुक पूर्ण बंद करून त्यातलं सगळं पुसा. डीबग करताना हे दिवसातून तीन वेळा करावं लागतं, म्हणून मी त्याची छोटी बॅच फाइलच करून ठेवली आहे.

दिवसांचं म्हणाल, तर रोज निम्मा वेळ मिळाला असं धरून: जुना कोड उलगडून नियम वेगळे काढायला एक आठवडा, जावास्क्रिप्टशी ओळख आणि जीएसटी नंबरचं फंक्शन दुसरा, आउटलुकचा पहारा दोन, साइन-इन आणि यादी एक. हे साइन-इनचं काम दिसतं लहान, पण सगळ्यात जास्त चिडचिड तिथेच होते, कारण ॲड-इनची नोंदणी आणि परवानग्यांसाठी ॲडमिनची संमती लागते आणि तुमच्याकडचा ॲडमिन पासवर्ड बहुधा एखाद्या भागीदाराच्या डायरीत असेल. तो आधी मिळवा. मग तीन जणांबरोबर दोन आठवडे. भागीदारांना दोन महिने सांगा. दीड सांगितलात तर ते एक ऐकतील.

पण या सगळ्याआधी, उद्या सकाळी, कोड उघडण्यापूर्वी एक कागद घेऊन चौतीसही टेबलांवर फिरून या. प्रत्येकाकडे कुठलं आउटलुक, क्लासिक की नवीन, ऑफिसची आवृत्ती कोणती, आणि तो माणूस मेलला फाइल नेमकी कशी जोडतो. शेवटचा प्रश्न विसरू नका. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे अर्धी मंडळी फाइल जोडतच नव्हती, वनड्राइव्हची लिंक मजकुरात चिकटवत होती. माझं सुरेख फंक्शन जोडलेल्या फाइलींची नावं तपासत होतं, आणि तपासायला तिथे काही नव्हतंच. तुमच्याकडे तसं निघालं, तर मजकुरातल्या लिंकांची नावंही बघावी लागतील, आणि मग दोन महिन्यांत आणखी आठवडा धरा.